बाबूजींच्या डाकेचा मध्यस्थ

धुळ्याला मी महिन्याभरात पाच वेळा गेलो, ते माझ्या तोंडामुळे. मित्राने फोन केला होता तो नुसतं मन मोकळं करायला. त्याचं अर्धं ऐकून मीच मध्ये म्हणालो, "हात्तिच्या, एवढंच ना? आठ दिवसांत करून देतो." हे वाक्य मी आयुष्यात ज्या ज्या वेळी बोललोय, त्या त्या वेळी माझी वाट लागलेली आहे. पण जीभ काही शिकत नाही.

मी जळगावात घरी बसून नोकरी करतो. घराघरांत भिंतीवर इंटरनेटचे जे छोटे डबे लुकलुकत असतात, ते राउटर, त्यांच्या पोटात लिनक्स भरायचं माझं काम. आईला अजून ही नोकरी वाटत नाही. पाहुण्यांनी विचारलं की ती सांगते, "काय नई, दिनभर डबाच उघाडस." त्यात खोटं काही नाही, म्हणून मी गप्प बसतो.

मित्र माझा पॉलिटेक्निकचा. धुळ्यात एका खोलीत तीन वर्षं काढली. डिप्लोमा झाल्यावर मी डब्यांत शिरलो आणि तो घरच्या दुकानात. मोटरपंपाचे सुटे भाग, फुटव्हॉल्व्ह, पाइप, गॅस्केट. घराणं मूळचं राजस्थानचं, पण आता इतक्या पिढ्या झाल्या की घरात मारवाडी, गिऱ्हाइकाशी अहिराणी आणि माझ्याशी मराठी असं एका दमात चालतं. त्याच्या वडिलांना सगळा बाजार बाबूजी म्हणतो, मीही तेच म्हणतो. ऐंशीच्या आसपासचे आहेत. काउंटर त्यांनी मुलाच्या हाती देऊन बरीच वर्षं झाली. स्वतःकडे फक्त एक काम ठेवलं होतं, डाक.

डाक म्हणजे दुकानाचे ई-मेल. गादीशेजारी एक जुनाट कॉम्प्युटर, त्यावर एक जुनाट मेलचा प्रोग्रॅम. तो बनवणाऱ्यांनाही आता आठवत नसेल. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर मित्राने त्यातली अक्षरं सुपारीएवढी करून दिली होती. दुकान उघडलं की बाबूजी एकेक मेल उघडणार, मोठ्याने वाचणार, साक्रीच्या दुकानदाराला काय हवंय आणि शिरपूरच्याला काय, ते काउंटरकडे ओरडून सांगणार, आणि मग प्रत्येकाला उत्तर लिहिणार. प्रत्येकाला म्हणजे प्रत्येकाला. आलेल्या पत्राला उत्तर न देणं हा त्यांच्या लेखी उद्धटपणा. "या पत्त्यावर उत्तर पाठवू नये" असं खाली ठळक लिहिलेलं असलं तरी त्यांचं उत्तर जायचंच. ते पोचलं नाही अशी मशीनची चिठ्ठी परत आली की त्या चिठ्ठीलाही, "तसदीबद्दल क्षमस्व. कळावे." वजन कमी करण्याच्या गोळ्या विकणाऱ्या कोणा बाईला त्यांनी आपलं वजन कळवलं होतं, आणि ते वयाच्या मानाने योग्य असल्याचंही.

तर त्या मेलवाल्या कंपनीचं पत्र आलं की महिनाअखेरीनंतर नुसत्या पासवर्डवर आत शिरणारे जुने प्रोग्रॅम बंद. नव्या पद्धतीने ओळख पटवा, नाहीतर दार लावलेलं असेल. बाबूजींनी रीतीप्रमाणे उत्तर पाठवलं, "आपले पत्र पावले. विचार करून कळवतो."

मित्राने नवा कॉम्प्युटर आणून बघितला. बाबूजी चार दिवस त्याच्यासमोर बसले. अक्षरं मोठी केली तरी चित्रं इकडची तिकडे पळायची, कुठे बोट लावलं की काय उघडेल याचा नेम नाही. पाचव्या दिवशी ते अकरालाच उठले, घरी गेले आणि भिंतीकडे तोंड करून पडले. शेवटी जुनं यंत्र परत लावलं तेव्हा कुठे जेवले. हे सगळं मित्र मला फोनवर सांगत होता. एरवी तो वडिलांच्या नावाने बोटं मोडतो, त्या दिवशी आवाज वेगळा होता.

"यार, डाक गेली की बाबूजी घरी बसतील," तो म्हणाला. "आणि घरी बसले की संपलं."

यावरच मी ते हात्तिच्या बोललो होतो.

उपाय मला लगेच सुचला, आणि तो बरोबर होता, हे मी आजही छातीठोकपणे सांगतो. जुना प्रोग्रॅम बदलायचा नाही. त्याच्या आणि कंपनीच्या मध्ये एक मध्यस्थ बसवायचा. जुन्या प्रोग्रॅमशी तो जुन्या रीतीने बोलेल, कंपनीशी नव्या रीतीने, आणि दोघांनाही वाटेल की समोरचा आपलाच माणूस आहे. अशा मध्यस्थाला आमच्याकडे प्रॉक्सी म्हणतात. आता हा बसणार कुठे? जुन्या कॉम्प्युटरात त्याला जागा नाही. पण दुकानातला राउटर तर लिनक्सवरच चालतो, मीच बसवून दिलेला. त्याच्याच पोटात बसवू.

पोटात बसवू म्हणणं सोपं. या डब्यात जागा किती, तर सगळं मिळून सोळा एमबी, त्यातली चार मोकळी. हल्ली मोबाइलवर आलेला लग्नाचा व्हिडिओ याहून मोठा असतो. तयार मिळणारा मध्यस्थ चाळीस एमबीचा होता. शोधून शोधून एक बारका सापडला, पण तो या डब्याच्या चिपसाठी नव्याने घडवायला लागणार होता. घडवायला बसलो तर तो म्हणे, मला अमुक लायब्ररी लागते. ती दिली तर ती म्हणे, मला तमुक. एका पाहुण्याला बोलवावं आणि त्याने मेव्हण्याला, मेव्हण्याने साडूला घेऊन यावं, तसं चाललं होतं. एकेकाला हात जोडून बाहेर काढलं. लॅपटॉपचा पंखा दिवसभर असा घोंघावायचा की आईने दोनदा येऊन गिरणी चालू आहे का विचारलं. नोकरीचं काम करून उरलेल्या वेळात हे, त्यामुळे माझ्या नाकी नऊ आले. आठ दिवसांचे सतरा झाले. पण शेवटी मध्यस्थ, त्याच्या सेटिंगची फाइल आणि राउटर सुरू झाला की त्याला आपोआप उठवणारी छोटी चिठ्ठी, सगळं एकत्र बांधून चारशे केबीचं सुबक पॅकेज झालं. मी ते घरच्या राउटरवर घातलं. आठवडाभर अखंड चाललं. मी स्वतःवरच इतका खूश झालो की बायकोला बोलावून दाखवलं. तिने विचारलं, यात बघायचं काय आहे? प्रश्न योग्यच होता, पण मला राग आला.

पहिली फेरी, महिनाअखेर. बस एरंडोल, पारोळा करत धुळ्याला पोचली तेव्हा अकरा वाजून गेले होते. पॅकेज घातलं, मेलबॉक्सची नवी ओळख माझ्या लॅपटॉपवरून एकदाची पटवून दिली, बाबूजींनी बटण दाबलं आणि डाक आली. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मित्राने शेवभाजी खाऊ घातली. मी तीन वाजताच्या बसने राजासारखा परत आलो.

दुसऱ्या दिवशी साडेदहाला बाबूजींचा फोन. "इंजिनेर, आज डाक नाही."

मी सांगितलं, डबा बंद करून चालू करा. केला. तरी नाही. पुन्हा करा. पुन्हा नाही. दुकानाच्या नेटमध्ये बाहेरून शिरायची सोय नव्हती, म्हणून दुसरी फेरी. मी पोचलो दुपारी. मध्यस्थ झोपलेला. हाताने उठवला, तर पठ्ठ्या टुणकन उठून काम करायला लागला. मी उगीच दोन-तीन सेटिंगं इकडची तिकडे केली, गंभीर चेहरा करून "आता होणार नाही" म्हणालो आणि परत आलो. पुढच्या दिवशी साडेदहाला फोन.

दोन दिवस कामातून सुटता आलं नाही, मग तिसरी फेरी. तेच. डॉक्टरसमोर ताप उतरावा तसं माझ्यासमोर सगळं ठणठणीत. पण या वेळी मी दुकानात शिरलो तेव्हा गादी रिकामी होती. बाबूजी अकराला घरी गेले म्हणे. काल आणि परवाही गेले होते. मित्र काउंटरवर खाली मान घालून गॅस्केट मोजत होता. तो मला काही बोलला नाही, आणि मित्र बोलत नाही म्हणजे प्रकरण हाताबाहेर गेलं. मला माझी लाज वाटली. एवढी वर्षं डबे भरतोय आणि एका म्हाताऱ्या माणसाची डाक आणता येत नाही. बसमध्ये कंडक्टरवर विनाकारण खेकसलो.

मग ठरवलं की जे काय होतं ते सकाळीच होतं, तर सकाळीच जाऊन बघायचं. चौथ्या फेरीला जळगावहून पहिली बस धरली आणि शटर वर जायच्या आधी दुकानाच्या पायरीवर जाऊन बसलो.

दुकान उघडताना मी कितीदा तरी पाहिलं होतं, पण त्या दिवशी चोरावर नजर ठेवावी तसं पाहिलं. मित्राने शटर वर केलं. पायरीवर पाणी शिंपडलं. मग आत जाऊन मेन स्विच वर केला. फार वर्षांपूर्वी त्या गल्लीत शॉर्टसर्किटने एक दुकान जळालं, तेव्हापासून रात्री दुकान वाढवताना मेन स्विच खाली करायचा हा सगळ्या गल्लीचा दंडक. रात्रभर दुकानात विजेचा टिपूस नाही. दिवा-उदबत्ती झाली. बाबूजी आले, तेही माझ्या आग्रहाखातर. ते आधी भिंतीकडे गेले, कॅलेंडरचं कालचं पान फाडलं, घडी करून खिशात घातलं आणि मगच गादीवर बसले. बटण दाबलं. डाक नाही.

मी लॅपटॉप राउटरला जोडून त्याची नोंदवही उघडली. तो डबा आपण काय काय केलं ते ओळीओळीने लिहून ठेवतो. मध्यस्थ उठला होता, कंपनीच्या दारात गेला होता, आणि कंपनीनेच दाखवलेल्या ओळखपत्रात खोट काढून परत फिरला होता. पाच वेळा गेला, पाच वेळा फिरला, मग रुसून झोपला. ओळखपत्र खोटं कसं असेल? मी पुटपुटत केस उपटत होतो. बाबूजी खुर्ची ओढून शेजारी आले, भिंग काढलं आणि पडद्यावरची ओळ वाचायला लागले. ते ओळीच्या सुरुवातीलाच अडकले. मी ओळीची सुरुवात कधी वाचतच नाही, मला वाटतं तिथे महत्त्वाचं काही नसतं.

"हा तर मागच्या वर्षातला डिसेंबर, म्हणजे मार्गशीर्ष, लिहितोय," ते म्हणाले. मग भिंग खाली ठेवून, गिऱ्हाइकाशी बोलतात तसं अहिराणीत म्हणाले, "त्याले आजनी तारीख कोणी सांगीच नई."

तिथेच मला उलगडा झाला. त्या डब्यात घड्याळाची बॅटरी नसते. वीज गेली की तो तारीख विसरतो आणि आपण कधी घडवले गेलो तीच तारीख धरून उठतो. इंटरनेट आलं की दोन-तीन मिनिटांनी खरी तारीख विचारून घेतो. पण माझा मध्यस्थ उतावळा. मीच त्याला सगळ्यात आधी उठायचा नंबर दिला होता, डाक लवकर यावी म्हणून. मागच्या वर्षात उभा राहून तो कंपनीचं ह्या वर्षीचं ओळखपत्र बघायचा आणि म्हणायचा, हे तर अजून सुरूच झालेलं नाही, हे खोटं. माझ्या घरी इन्व्हर्टर, डबा महिनोन्महिने बंद होत नाही, म्हणून तिथे सगळं सुरळीत. आणि मी फोनवर रोज सांगत होतो, बंद करून चालू करा. म्हणजे बिचाऱ्याला कशीबशी तारीख कळली रे कळली की मी पुन्हा त्याला मार्गशीर्षात ढकलून देत होतो.

हे सगळं मी बाबूजींना समजावून सांगितलं. त्यांना फारसं नवल वाटलं नाही. तारीख बदलल्याशिवाय कामाला हात लावायचा नाही हे दुकानातल्या भिंतीलासुद्धा माहीत आहे, असं काहीसं ते म्हणाले. मी तिथेच पायरीवर बसून मध्यस्थाला उठवणारी ती चिठ्ठी बदलली. आधी खरी तारीख येऊ दे, तोवर मध्यस्थाने अंथरुणातून उठायचं नाही. मेन स्विच तीनदा खाली-वर करून पाहिला, शेजारच्या दुकानदाराने काय झालं म्हणून डोकावून पाहिलं, आणि तिन्ही वेळा डाक आली. बाबूजींनी तीन दिवसांची तुंबलेली उत्तरं लिहायला घेतली. जेवायलाही उठेनात.

इथे हे संपायला हवं होतं. पण मला खात्री पटेना. इतकं तोंडघशी पडल्यावर कोणाला पटेल? मेलबॉक्सची किल्ली माझ्या लॅपटॉपवर होतीच, म्हणून मी जळगावातून रोज सकाळी नजर ठेवायला लागलो. पत्रं वाचत नव्हतो, नुसती कुठली उघडली आणि कुठली नाही तेवढं बघत होतो. आणि तिसऱ्याच दिवशी एक भानगड दिसली. सकाळी सहाच्या सुमाराला रात्री आलेले सगळे मेल एकेक करून उघडले जायचे आणि दहा-पंधरा मिनिटांत पुन्हा न उघडलेले व्हायचे. ठळक अक्षरांत, कोरे करकरीत. रोज.

माझ्या पाचावर धारण बसली. मध्यस्थच चळला असं वाटलं. दोन दिवस त्याचा एकेक धागा उसवून बघितला. मग उशिराने डोक्यात प्रकाश पडला की सकाळी सहाला दुकानाचा मेन स्विच खाली असतो, मध्यस्थाला वीजच नाही, तो कसला चळतोय. म्हणजे दुसरंच कोणीतरी. पासवर्ड फुटला, आणि फुटला असेल तर माझ्याच उचापतींमुळे. हे फोनवर सांगायची हिंमत होईना. पाचवी फेरी.

मित्राला मी काउंटरवरच हळू आवाजात सांगितलं की रोज सहाला कोणी चोर तुमची डाक वाचतो आणि परत चिकटवून ठेवतो. त्याचा चेहरा उतरला. बाबूजींकडे एकदा बघून त्याने मला दंडाला धरून बाहेर चहाच्या टपरीवर नेलं आणि कबूल केलं की चोर तो स्वतः. गेली तीन वर्षं सगळी डाक त्याच्या मोबाइलवर येते. गिऱ्हाईक अकरापर्यंत थांबत नाही, शिरपूरला माल सकाळच्या टेम्पोत टाकावा लागतो. म्हणून तो सहाला सगळं वाचतो, माणसांना निरोप देतो, आणि मग प्रत्येक मेल पुन्हा न वाचलेला करून ठेवतो. बाबूजींना डाक ताजी मिळाली पाहिजे. त्यांना कळलं तर ते एक दिवसही गादीवर बसणार नाहीत. त्याने मला चहाच्या ग्लासावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली. मला त्याचा इतका राग आला की विचारता सोय नाही. तीन वर्षं एक अक्षर बोलला नाही, आणि वर माझ्याजवळ वडिलांची गाऱ्हाणी सांगत होता. आणि इतकं भरूनही आलं की चहा तसाच राहिला.

निघताना बाबूजींच्या पाया पडायला गेलो. मित्र आत गोदामात होता. बाबूजींनी विचारलं, आज कशाला आला होतास, डाक तर येतेय. मला खोटं बोलता येत नाही. मी काहीतरी पुटपुटलो, तारीख, चिठ्ठी, तपासणी. त्यांनी भिंग बाजूला ठेवलं.

"सहाचं कळलं वाटतं तुला," ते म्हणाले.

मी लॅपटॉपची पिशवी उगीच सोडून पुन्हा बांधायला लागलो.

"अरे, मी पत्र उघडतो त्याच्या आधी त्या गिऱ्हाइकाचा फोन येतो, माल मिळाला म्हणून. एवढंही कळू नये मला?" त्यांनी गोदामाच्या दाराकडे पाहून आवाज खाली आणला. "त्याला बोलू नकोस. मी रोज ओरडून सांगतो, साक्रीची ऑर्डर आली. तो म्हणतो, अरे वा, आली का? मग मी विचारतो माल आहे का, तो म्हणतो बघतो. दिवसभरात बाप-लेकाचं तेवढंच बोलणं होतं आमचं. दुसरं काही बोलायला गेलो की भांडण. ते बंद पडायला आलं होतं, म्हणून तर तुला एवढ्या चकरा मारायला लावल्या."

तेवढ्यात मित्र फुटव्हॉल्व्हचं खोकं घेऊन बाहेर आला. बाबूजी पडद्याकडे वळले, पुढचं पत्र उघडलं आणि काउंटरच्या दिशेने ओरडले की नंदुरबारहून दोन डझन गॅस्केट मागवलेत.

"अरे वा, आलं का पत्र?" मित्र म्हणाला.

मी कोणाकडेच न बघता चपला घातल्या आणि बसस्टँडकडे निघालो.